जुन्या गाडीचा रंग कसा टिकवायचा? गोंदियाची धूळ, बोअरचं पाणी आणि वॅक्सचं खरं काम



एमएच ३५ पासिंगची, दहा-बारा वर्षं जुनी ऑल्टो, वॅगन आर किंवा सँट्रो घरी असेल, तर पुढचं वर्णन तुम्हाला ओळखीचं वाटेल. इंजिन ठीक आहे, एसी बऱ्यापैकी चालतो, पण टप आणि बॉनेटकडे बघवत नाही. पांढरी गाडी खडूसारखी दिसते, लाल गाडी गुलाबी झालीय आणि सिल्व्हर गाडीच्या टपावर पापुद्रे सुटलेत. मग कोणीतरी सल्ला देतं, "रबिंग मारून घे भाऊ, नवीन होऊन जाईल." आणि खरंच, रबिंग केल्यावर गाडी चार-सहा महिने मस्त चमकते. नंतर मात्र आधीपेक्षा वाईट दिसायला लागते.

असं का होतं, हे या लेखात बघू. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो : गाडीचा रंग ही संपणारी वस्तू आहे. चमक आणायची बहुतेक कामं रंग थोडा थोडा खरवडूनच होतात. जुन्या गाडीवर तो आधीच कमी उरलेला असतो. पूर्ण गाडी नव्याने रंगवायला गेलात, तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातो. म्हणजे जो रंग अंगावर आहे, तो सांभाळणंच स्वस्त.

रंग किती जाड असतो?

कंपनीतून निघालेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत साधारण चार थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. प्रिंटरच्या ए४ कागदाचं एक पान जवळपास १०० मायक्रॉनचं असतं, म्हणजे अख्खा रंग एका-दीड पानाएवढाच. त्यातला क्लिअर कोट फक्त ४० ते ५० मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ.

क्लिअर कोटला गाडीचा टेम्पर्ड ग्लास समजा. ऊन आणि ओरखडे तो स्वतःवर घेतो. फरक एवढाच, की फोनची काच चौकातल्या दुकानात पाच मिनिटांत बदलून मिळते. क्लिअर कोट तसा बदलता येत नाही.

आता एक गंमत. सगळ्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतो. मेटॅलिक रंगाच्या (सिल्व्हर, ग्रे, चमकीवाला निळा) गाड्यांवर तो असतोच. पण साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या बऱ्याच जुन्या, स्वस्त गाड्यांवर एकच रंगीत थर असतो, त्याला सिंगल स्टेज म्हणतात. तुमची कुठली, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. डिकीच्या झाकणाचा खालचा एक कोपरा धुऊन, कोरडा करून घ्या. कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन तिथे हलकं घासा. कापडावर गाडीचा रंग उतरला तर सिंगल स्टेज, काहीच उतरलं नाही तर वर क्लिअर कोट आहे. गाडी पांढरी असेल तर काळं कापड घ्या, नाहीतर काही कळणार नाही. आणि मधे कधी एखादं दार किंवा बंपर ठोकून बाहेर रंगवून आणला असेल, तर तो भाग वेगळा तपासा. एकाच गाडीवर दोन्ही प्रकार निघू शकतात.

हे कशाला तपासायचं? सिंगल स्टेज रंग खडूसारखा झाला असेल तर वरचा मेलेला थर काढून खालचा ताजा रंग बाहेर आणता येतो. लाल गाडी गुलाबीची परत लाल होते, आणि बघताना खूप भारी वाटतं. पण क्लिअर कोटचे पापुद्रे सुटायला लागले असतील तर कुठलंच पॉलिश, कुठलंच वॅक्स, रीलमधला कुठलाच जुगाड तो परत आणू शकत नाही. तो भाग पुन्हा रंगवणं हाच उपाय. पापुद्रे सुटलेल्या टपावर पॉलिशचे पैसे घालवू नका.

धूळ म्हणजे नुसती माती नाही

गोंदिया जिल्हा धानाचा, त्यामुळे राइस मिलचा. मिलच्या आसपास राहणाऱ्यांना गच्चीवर पडणारी काळी-करडी राख काय असते ते सांगायला नको. हिशोब बघा. १०० किलो धान भरडलं की साधारण २० किलो भुसा निघतो. बॉयलरमध्ये तो जाळला की त्याची साधारण ४ किलो राख होते. आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते, म्हणजे वाळूमध्ये असतं तेच द्रव्य. धानाचं रोप मातीतून सिलिका ओढून सालीत साठवतं, म्हणून भुशाची राख एवढी खरबरीत. त्यात रेतीचे ट्रक आणि मळणीच्या दिवसांतली धूळ मिसळते. रेतीतला क्वार्ट्झ कडकपणाच्या मोह्स मापावर ७ वर येतो, चाकूचं पोलाद साधारण साडेपाचवर. क्लिअर कोट या दोघांपेक्षा कितीतरी मऊ.

आता रोज सकाळी गाडीवर मारलेलं ते कोरडं फडकं आठवा. फडक्याखाली ही राख आणि रेती असते. म्हणजे आपण रोज सकाळी गाडीला अगदी बारीक पॉलिश पेपर मारत असतो. डेपोतल्या बसला चालेल, आपल्या गाडीला नाही.

खात्री करायची असेल तर रात्री फोनचा टॉर्च लावून बॉनेटच्या वर हातभर धरा. प्रकाशाच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतील. खरं तर ओरखडे गोल नसतात, सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. टॉर्च सरकवा, जाळंही सरकेल. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे तुलनेला उपयोगी पडेल.

गाडीवर कव्हर घालणाऱ्यांसाठीही हेच. धुळकट गाडीवर कव्हर घातलं की वाऱ्याने ते दिवसभर घासत राहतं. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर आत दमटपणा कोंडून ठेवतं. शेड असेल तर शेड, नाहीतर गाडी धुऊन वाळवल्यावरच कव्हर.

धुवायचं कसं

उन्हात तापलेल्या गाडीवर पाणी मारू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बॉनेटला हात लावता येत नाही. त्यावर साबण दहा सेकंदांत सुकतो आणि डाग पडतात. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, बॉनेटवर उलटा हात ठेवून गार लागलं तरच सुरू करा.

आधी फक्त पाणी, टपापासून खाली, भरपूर. हात न लावता जेवढी माती निघेल तेवढी निघू द्या. खरं काम या टप्प्यात होतं आणि आपण नेमकी इथेच घाई करतो. मग दोन बादल्या घ्या. एकीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा कापड शॅम्पूत बुडवून एक भाग धुवा, साध्या पाण्यात पिळून माती सोडा, मग परत शॅम्पूत. एकच बादली वापरली तर पहिल्या दाराची माती तुम्ही चौथ्या दारावर घासता. मायक्रोफायबरचे धागे चिरलेले असतात, माती त्यांच्या आत वर खेचली जाते. जुन्या बनियनच्या सपाट कापडात ती वरच राहते आणि घासत जाते. खालचा भाग आणि चाकं शेवटी, वेगळ्या कापडाने.

कपड्याची पावडर नको. ती अल्कधर्मी असते आणि असलेलं वॅक्स काढून टाकते. भांड्याच्या साबणाचंही तसंच, पण नवीन वॅक्स लावायच्या आधी एकदा वापरला तर बिघडत नाही. सर्व्हिसिंगवाल्याकडचं प्रेशर वॉशर चालेल, मात्र पापुद्रे सुटलेल्या कडेवर फवारा जवळून मारू देऊ नका, पापुद्रा पुढे फाटत जातो.

आणि एक विनंती, गाडी घेऊन मामा तलावावर धुवायला जाऊ नका. माजी मालगुजारी तलावांचं पाणी धानाला आणि मासोळीला लागतं, आपलं ऑइल आणि शॅम्पू त्यात कशाला?

आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरताय?

हा सल्ला सगळीकडे फिरतो : आरओ मशीनमधून बाहेर जाणारं पाणी साठवा आणि त्याने गाडी धुवा. पाणी वाचतं हे खरं, पण रंगाच्या दृष्टीने हा घोळ आहे. आरओ क्षार नाहीसे करत नाही, तो ते एका बाजूला ढकलतो. समजा बोअरचं ६०० टीडीएसचं पाणी आत गेलं आणि निम्मं ५० चं होऊन प्यायला मिळालं. मग उरलेल्या निम्म्यात टीडीएस ११५० च्या आसपास जातो. हे पाणी गाडीवर सुकलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे गोल राहतात. ऊन लागलं की ते रंगात बसतात, मग घासूनही निघत नाहीत.

ते पाणी फेकायचंही नाही. चाकं, मॅट आणि सुरुवातीची माती धुवायला वापरा. शेवटचं पाणी मात्र चांगलं हवं. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवला की झालं (पहिले एक-दोन पाऊस जाऊ द्या, त्यात छपराची धूळ येते). पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. बोअरच्याच पाण्याने धुवावं लागलं तर गाडी हवेवर वाळू देऊ नका, लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेलने पुसून घ्या.

डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडाने मिनिटभर डागावर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगरही आम्लच आहे, लावून विसरू नका.

थांबायला वेळ नसलेले डाग

काही डाग रविवारची वाट बघत नाहीत. पक्ष्याच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हात क्लिअर कोट थोडा मऊ होतो आणि संध्याकाळी आकसतो, त्या खेळात डागाखाली कायमचा खड्डा पडतो. गाडीत पाण्याची बाटली आणि एक मायक्रोफायबर कापड ठेवा. ओलं कापड डागावर पाच मिनिटं ठेवून उचलायचं, घासायचं नाही.

दिवाळीच्या आसपास, धान पिकत आलं की दिव्यांवर येणारे ते बारीक हिरवे तुडतुडे आठवतात ना? रात्री गाडी चालवली की बंपर, नंबर प्लेट आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर त्यांचा लगदा होतो. दुसऱ्याच दिवशी धुवा, सुकला तर तोही रंग खातो. आंब्याला मोहोर आला की झाडाखाली गाडी लावू नका. तिथेही तुडतुडेच असतात, फक्त आंब्यावरचे, आणि त्यांचा चिकट स्राव खाली टपकतो. त्यावर धूळ बसली की काळा थर होतो.

दसऱ्याच्या पूजेत गाडीला हळद-कुंकू लागतंच, लागलंच पाहिजे. हळदीचा पिवळेपणा उन्हात उडून जातो. बाजारातल्या कुंकवाचा रंग मात्र पांढऱ्या, खडूसारख्या झालेल्या गाडीवर मुरतो. पूजेच्या आधी गाडीला वॅक्स लावलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सगळं पाण्यानेच निघतं. लग्नाच्या गाडीवरची चिकटपट्टी थंडीत ओरबाडू नका. आधी कोमट पाणी, मग हळूच. जुना, सुटत आलेला क्लिअर कोट पट्टीबरोबरच उठून येतो.

पॉलिश आणि वॅक्स या दोन वेगळ्या गोष्टी

दुकानदारही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून इथे गोंधळ होतो. पॉलिशमध्ये बारीक खरबरीत कण असतात. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग काढून जागा सपाट करतात. ओरखडा भरत नाही, त्याच्या काठाची उंची कमी होते. बारीक पॉलिश एका वेळी एक-दोन मायक्रॉन नेतं, रबिंग कंपाउंड त्याहून जास्त. आता ४० मायक्रॉनचा हिशोब परत करा. दर दिवाळीला गॅरेजात मशीनने रबिंग करून घेणाऱ्या गाडीचं काय होतं ते कळेल. मशीनच्या लोकरी पॅडने कडा आणि उंचवटे तर आधी जातात, कारण तिथे थर मुळातच पातळ असतो.

वॅक्स काही काढत नाही. तो वर बसणारा थर आहे. पाणी, विष्ठा, कुंकू आधी त्याच्यावर पडतं आणि तो स्वतः झिजतो. गाडीच्या वॅक्समध्ये बहुतेक वेळा कार्नौबा असतं, म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका पाम झाडाच्या पानांवरचं मेण. ते साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, नैसर्गिक मेणांमध्ये हे फार जास्त आहे. औषधाच्या गोळ्या आणि चकचकीत चॉकलेट-गोळ्यांवरही हेच मेण असतं, म्हणजे तुम्ही ते खाल्लेलं आहे.

वॅक्सकडून फार अपेक्षा नको. मेलेला रंग ते जिवंत करत नाही. ऊन पूर्ण अडवत नाही. रेतीचा ओरखडा थांबवत नाही. आपल्या उन्हाळ्यात कार्नौबा महिना-दीड महिना टिकलं तरी खूप. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने जातं आणि रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी तेच सुचवीन. चमक थोडी कमी वाटते, एवढंच.

लावायची पद्धत सोपी आहे. गाडी धुऊन पूर्ण वाळवा आणि सावलीत घ्या. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. बारीक दाणे लागले तर रंगात कण रुतलेत, ते क्ले बारने निघतात. क्ले मातीसारखा मऊ गोळा असतो, शॅम्पूच्या पाण्याने जागा ओली ठेवून तो अलगद सरकवायचा. खाली पडला तर फेकून द्या, धुऊन वापरू नका. मग स्पंजवर नखाएवढं वॅक्स घेऊन एका वेळी एकच भाग, इतका पातळ थर की जेमतेम दिसावा. धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. जाड थर लावल्याने काही जास्त मिळत नाही, पुसताना हात मात्र भरून येतात. काळ्या प्लास्टिकवर लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात.

कधी लावायचं? माझ्या मते वर्षातून तीनदा पुरे : मार्चमध्ये ऊन तापायच्या आधी, जूनमध्ये रोवणीच्या पावसाआधी आणि दसऱ्याच्या आधी. मधे गाडीवर पाणी टाकून बघायचं. थेंब गोल उभे राहिले तर वॅक्स आहे, पाणी चादरीसारखं पसरलं तर संपलं.

रीलमधले जुगाड लवकर उरकतो. टूथपेस्ट म्हणजे खरबरीत कणच. हेडलाइटच्या पिवळ्या प्लास्टिकवर तात्पुरता फरक पडतो, रंगावर नको. डिझेलचा हात मारला की गाडी तासभर ओली-चमकदार दिसते, मग त्यावर जिल्ह्याची सगळी धूळ चिकटते. सिरॅमिक कोटिंग हा खरा प्रकार आहे आणि गंमत म्हणजे तेही सिलिकाचंच, राखेतल्या सिलिकाचा सभ्य भाऊ. पण ते खालचा रंग जसा आहे तसाच बंद करतं, म्हणून लावायच्या आधी पॉलिश करावंच लागतं. चांगल्या रंगाच्या नव्या गाडीला ठीक. १२ वर्षांच्या ऑल्टोला त्या पैशात चार टायरपैकी दोन येतील.

चमकेपेक्षा गंज बघा

रंग फिकट झाला म्हणून गाडी बाद होत नाही, गंजाने होते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण ५-५ वर्षांचं आणि त्यासाठी गाडी आरटीओकडे दाखवावी लागते. तिथे दाराखाली बोट जाईल एवढं भोक असेल तर बॉनेटची चमक कामाला येत नाही. (नव्याने रंगवताना रंगच बदलायचा विचार असेल तर तो आरसी बुकात नोंदवावा लागतो, हेही लक्षात ठेवा.)

प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात. चिखल वाळून ती बुजतात, मग काचेतून आत गेलेलं पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जूनच्या आधी प्लास्टिकच्या जाड टाय किंवा काडीने ती मोकळी करा, खिळा घालू नका. वायपरखालच्या जाळीतला कडुनिंबाचा पालाही काढा. शेताच्या रस्त्याने जाणं-येणं असेल तर चाकावरच्या कमानीच्या आत पाइपने पाणी मारा, तिथला चिखल पूर्ण पावसाळाभर ओला राहतो.

ट्रकमागून उडालेल्या गिट्टीने बॉनेटवर टवके उडतात. पत्रा उघडा पडला असेल तर ते पावसाच्या आधी बंद करायचे. त्यासाठी टच-अप पेन मिळतो, पण 'पांढरा द्या' असं सांगून आणू नका. पांढरे खूप आहेत. गाडीचा कलर कोड इंजिनाजवळच्या पट्टीवर किंवा दाराच्या चौकटीवर बघा. उदाहरणार्थ, मारुतीच्या सुपिरियर व्हाइटचा २६यू, सिल्की सिल्व्हरचा झेड२एस. कोडचा फोटो फोनमध्ये ठेवा. टवक्यातला गंज बारीक पॉलिश पेपरच्या टोकाने फक्त तेवढ्याच जागी काढा, जागा धुऊन वाळवा, पेन नीट हलवा आणि ब्रशऐवजी आगपेटीच्या काडीच्या टोकाने रंगाचा थेंब सोडा. पहिला थर पातळ, अर्ध्या तासाने दुसरा. मेटॅलिक गाडी असेल तर त्यावर क्लिअरचा एक थेंब. पुढचे काही दिवस त्या जागेला वॅक्स लावू नका, रंग आतून सुकू द्या.